मामा आता मला काही सांगत नाहीत

दुसरी पाळी

मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पॅकिंग विभागात. कार्टन घडवणारं, भरणारं आणि चिकटवणारं अशी तीन मशिनं एका ओळीत आहेत. त्यातलं पहिलं माझ्या वयाहून जुनं. कागदोपत्री ते कंपनीचं, पण खरे मालक आमचे मामा. हुद्दा सीनियर फिटर. चार महिन्यांनी निवृत्त होत आहेत.

नऊ वर्षांपूर्वी मी ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा मला मामांच्या हाताखाली दिलं होतं. पहिले सहा महिने त्यांनी मला नुसते पाने पुसायला लावले असं मी सगळ्यांना सांगतो, पण ते अर्धंच खरं आहे. मी पाने पुसायचो आणि ते बोलत असायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी लावायची आणि ऐकायचं, हे त्यांचंच. एकसारखी घरघर असेल तर चालू दे, मधेच खडा चावल्यासारखं ऐकू आलं तर नवीन बेअरिंग मागवून ठेव. सकाळचं पहिलं चालू करताना दहा मिनिटं रिकामं फिरव. साइज बदलली की साइड गाइड कार्टनला टेकव आणि मग केसभर मागे घे. केसभर म्हणजे किती, असं विचारलं तर त्यांनी माझा हात नॉबवर ठेवला, वरून आपला हात ठेवला आणि फिरवला. तेवढं.

दोन वर्षांपूर्वी मी इनचार्ज झालो आणि मामा माझ्या हाताखाली आले. तेव्हापासून काहीही विचारलं की एकच उत्तर, "लिहून दिलंय, साहेब." आधी मी 'पोरा' होतो.

गेल्या महिन्यात मामा रजेवर असताना साइज बदलली. कार्टनची कड फाटायला लागली, दर दहाव्या-बाराव्या कार्टनला जॅम. तीन तास लाइन बंद. फोन केला तर म्हणाले, एसओपीत बघा. ती एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत, त्यांनीच लिहिलेली, दहा ओळींची. 'बोल्ट घट्ट करणे. गाइड सेट करणे. ट्रायल घेणे.' दुसऱ्या दिवशी आले आणि वीस मिनिटांत मशिन सुरळीत. मी मागे उभा होतो. त्यांनी मशिन आणि मी यांच्या मधोमध पाठ आणली. मला काही दिसलं नाही.

मग म्हणावं, स्वभावच बदलला असेल. तर तसंही नाही. तिसऱ्या पाळीचा फिटर त्यांचा जुना दोस्त आहे. परवा दोघं मशिनखाली आडवे पडून, बॅटरी लावून, काहीतरी दाखवत हसत होते. मी जवळ गेलो तसे दोघंही गप्प.

आता वरून फर्मान आलंय की मामा जायच्या आत 'ज्ञान हस्तांतरण' पूर्ण करा. चाळीस रकान्यांचा फॉर्म आहे. एक नवीन ट्रेनी मुलगीही आलीय, तिला तयार करा म्हणे. ती अजून मशिनजवळ जायला बिचकते.

हातचं राखून ठेवणाऱ्या माणसाकडून काम कसं काढून घ्यायचं? कुणाला अनुभव आहे का?

कागदीघोडा

सोपं आहे. कॅमेरा लावा, चार आठवडे प्रत्येक सेटिंगचं चित्रीकरण करा. फॉर्म पूर्ण भरून सही झाल्याशिवाय शेवटच्या हिशोबाला मंजुरी नाही, असं लेखी द्या. ज्ञान ही कंपनीची मालमत्ता आहे, व्यक्तीची नाही. भावनिक होऊ नका.

गंजलेला पाना

घोडेराव, असं लेखी दिलंत तर फॉर्म नक्की भरून येईल. चाळीसच्या चाळीस रकाने भरलेले येतील. त्यातल्या प्रत्येकात 'बोल्ट घट्ट करणे' असेल. आणि कॅमेऱ्यात काय दिसणार? हात. हाताला काय लागतंय ते कसं दिसेल?

दुसरी पाळी, मी चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. फिटरच होतो, प्रेसवर. तुमच्या मामांच्या बाजूने लिहितोय, तेव्हा थोडं कडू लागेल.

मीपण राखून ठेवलंय, खोटं कशाला बोलू. पण सगळ्यांपासून नाही. बाजूच्या बेंचवरच्या पोराला मी सगळं सांगायचो, कारण तोही मला सांगायचा. त्याला इलेक्ट्रिकलचं बरं कळायचं, मला हायड्रॉलिकचं. कोण कुणाचं देणं लागतो हे आम्ही कधी मोजलं नाही, पण दोघांनाही ते पक्कं ठाऊक असायचं. साहेबाचं वेगळं. साहेबाला सांगितलं की ते परत येत नाही. आणि आलं तरी दुसऱ्याच रूपात येतं.

एकदा मी एका नवीन इंजिनियरला सांगितलं की प्रेसचं प्रेशर दुपारनंतर उतरतं ते पंपामुळे नाही, तेल तापून पातळ होतं म्हणून. कूलर साफ करा, पंपाला हात लावू नका. पुढच्या आठवड्यात बोर्डावर त्याचा फोटो. 'पंप बदलण्याचा खर्च वाचवला.' मी चिडलो नाही, म्हणजे बोलून दाखवलं नाही. फक्त पुढच्या वेळी त्याने विचारलं तेव्हा म्हणालो, साहेब, मॅन्युअल बघा.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही लोक कबूल करत नाही. आयुष्यभर आम्हाला कुणी सल्ला विचारायला येत नाही. मीटिंगला बोलावत नाहीत, मशिन घेताना विचारत नाहीत. एकच वेळ अशी असते की सगळे आमची वाट बघत उभे असतात. ब्रेकडाउन. हातात पाना, मागे सहा माणसं, कुणी काही बोलत नाही. ती वीस मिनिटं. ती पण फॉर्ममध्ये भरून द्या म्हणता?

पण तुमच्या लिहिण्यात एक अडतंय. ते तुम्हाला सगळं सांगत होते आणि मग अचानक बंद झाले. तुम्ही इनचार्ज झालात एवढ्याने पाठ आडवी येत नाही. साहेब झालेल्या पोराचं तर उलट कौतुक असतं, आमच्या हाताखालून गेलाय म्हणून. मधे काही घडलं का?

चष्मेवाला

पाना यांनी जी वीस मिनिटं सांगितली, त्यावर एका फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने अख्खा सिद्धांत उभा केलाय. मिशेल क्रोझिए. फ्रान्समधल्या सरकारी तंबाखू कारखान्यांचा त्याने अभ्यास केला, पुस्तक १९६३ चं. तिथे सगळं नियमांनी बांधलेलं होतं. कुणाची बदली कधी, कुणाला कुठलं काम, सगळं ज्येष्ठतेनुसार. साहेबाच्या हातात जवळजवळ काही नव्हतं. एकच गोष्ट नियमात बसत नव्हती, मशिन बंद पडणं. आणि ते दुरुस्त करता यायचं फक्त मेंटेनन्सवाल्यांना. त्यामुळे कागदावर खालच्या पायरीवर असूनही कारखान्यात वजन त्यांचं. गंमत म्हणजे मशिनचे आराखडे आणि देखभालीच्या सूचना कारखान्यांतून नाहीशाच झालेल्या होत्या. नवीन मेंटेनन्सवाल्याला जुना माणूस तोंडी शिकवायचा.

म्हणजे तुमचे मामा काही जगावेगळे नाहीत. पण माझ्या मते तुमच्या बाबतीत क्रोझिए अर्धाच लागू पडतो. सत्ताच टिकवायची असती तर मामांनी दोस्तालाही सांगितलं नसतं.

उरलेलं अर्धं पीटर ब्लाउकडे सापडतं. अमेरिकेतल्या एका सरकारी खात्यातल्या तपासनिसांचा त्याने अभ्यास केला, पुस्तक १९५५ चं. तिथे नियम असा की केसमध्ये अडचण आली तर वरिष्ठालाच विचारायचं, सहकाऱ्याला नाही. प्रत्यक्षात सगळे एकमेकांनाच विचारायचे. का, तर वरिष्ठ तुमचं मूल्यमापन करतो. त्याला विचारणं म्हणजे मला येत नाही हे त्याच्या वहीत नोंदवणं. सहकाऱ्याला विचारलं तरी किंमत मोजावी लागायचीच, पण ती वेगळी. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, एवढं मान्य करायचं. ज्याला विचारलं त्याचा वेळ जायचा आणि त्या बदल्यात मान मिळायचा. पाना यांच्या बेंचचा हिशोब हाच.

त्यातला मला सर्वात आवडलेला भाग म्हणजे तिथले लोक पुष्कळदा सरळ विचारायचेच नाहीत. 'आज एक भलतीच केस आली बघ' असं म्हणून नुसतं सांगत बसायचे. समोरचा मान डोलावतो का, कुठे भुवई उंचावतो, यावरून आपलं बरोबर की चूक ते कळायचं. विचारणंही झालं आणि कमीपणाही नाही.

आता चाळीस रकान्यांबद्दल. मामांचा तुमच्यावर पूर्वीइतकाच जीव असता तरी तो फॉर्म रिकामाच राहिला असता. हॅरी कॉलिन्सने १९७४ साली लिहिलंय. एका प्रकारचा लेझर बांधायला ब्रिटनमधल्या काही प्रयोगशाळा धडपडत होत्या. छापील निबंध उपलब्ध होते. पण निव्वळ ते वाचून कुणालाच चालणारा लेझर बांधता आला नाही. ज्यांना जमला त्यांचा कुठल्या ना कुठल्या चालत्या लेझरवाल्या माणसाशी प्रत्यक्ष संबंध होता. आणि हे भौतिकशास्त्रज्ञ, लिहिणं हा ज्यांचा धंदा. मग मामांकडून 'केसभर' लिहून घेण्याची अपेक्षा कशी करायची?

वॉर्ड नऊ

मी नर्स आहे. मशिनमधलं काही कळत नाही, पण पाळी बदलताना जे होतं ते हेच आहे.

आमच्या हँडओव्हरचा छापील कागद असतो. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, औषधं. तो मी सगळ्यांना सारखाच देते. पण माझ्यानंतर येणारी सिस्टर जर माझ्या विश्वासातली असेल तर कागद दिल्यावर मी म्हणते, "तीन नंबरच्या आजोबांकडे जरा बघ. आकडे ठीक आहेत, पण मला ते आज बरे वाटत नाहीत. दुपारपासून बोलायचं कमी केलंय." याला कागदावर रकाना नाही. आणि हे मी दुसऱ्या एका सिस्टरला सांगत नाही, कारण एकदा सांगितलं तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला वाटतं म्हणून मी डॉक्टरांना उठवू का?" तेव्हापासून तिला मी फक्त आकडे देते. आजोबा तेच, मीही तीच.

लिहिताना लाज वाटतेय, कारण यात नुकसान आजोबांचं.

ट्रेनिंगमध्ये एमी एडमंडसन यांचा अभ्यास शिकवला होता. दोन रुग्णालयांतले आठ विभाग, औषधांच्या चुका मोजल्या. जिथे संबंध चांगले तिथे चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती, निघाल्या जास्त. कारण तिथल्या नर्सेस चुका बोलून दाखवत होत्या. बाकीकडे त्या दडपल्या जात होत्या. माझ्या वॉर्डात महिन्याचा चुकांचा तक्ता कोरा असला की शाबासकी मिळते. असो.

सेमीकोलन

सगळे जण 'संबंध चांगले हवेत' याच बाजूने निघालेत, म्हणून उलटा अनुभव टाकतो.

आमची पाच जणांची टीम, सॉफ्टवेअर, सहा वर्षं एकत्र. जिवाभावाचे दोस्त. कुणी काही लपवत नाही, रात्री दोनला फोन केला तरी उचलतात. आणि आमच्याकडे लेखी असं एक पान नाही. गरजच पडली नाही ना. 'त्या रात्रीसारखं कर' म्हटलं की पाचही जणांना कळतं कुठली रात्र आणि काय केलं होतं. सर्व्हरना आम्ही टोपणनावं ठेवलीयत. मग सहावी मुलगी आली. तीन महिने ती आमच्यात बसून आमचं बोलणं ऐकत होती आणि तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आम्हाला वाटायचं ती अबोल आहे. जाताना म्हणाली, "तुम्ही सगळे फार छान आहात. पण मला प्रत्येक प्रश्न विचारताना तुमच्या गप्पा मोडाव्या लागायच्या."

दुसरं. एका गोष्टीवर आम्ही पाच आठवडे डोकं फोडलं. ती शेजारच्याच टीमने वर्षभरापूर्वी सोडवून ठेवली होती. आम्हाला कळलं कसं, तर लिफ्टमध्ये एका नुसत्या तोंडओळखीच्या माणसाकडून. आमच्या पाचांपैकी कुणाला विचारून काय उपयोग होता? आम्हा सगळ्यांना तेच माहीत आणि तेच माहीत नाही.

मॉर्टन हान्सेन यांचा १९९९ चा अभ्यास आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मोठ्या कंपनीतला. ४१ विभाग, १२० प्रकल्प. दुसऱ्या विभागांशी सैल ओळखी असतील तर उपयोगाचं ज्ञान शोधायला मदत होते. पण सापडलेली गोष्ट गुंतागुंतीची असेल तर ती आणायला घट्ट संबंध लागतात. लिफ्टमधल्या माणसाने आम्हाला पत्ता दिला. काम शिकायला त्या टीमच्या मुलाशेजारी चार दिवस खुर्ची टाकून बसावं लागलं, आणि पहिल्या दिवशी तो आमच्याशी धड बोललाही नाही.

आणि दोस्तीत एकमेकांची चूक दाखवणं किती जड जातं, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

दुसरी पाळी

पाना यांनी विचारलं, मधे काही घडलं का. तीन दिवस टाळलं. आता लिहितो.

मी इनचार्ज झालो त्याच महिन्यात बाहेरचं ऑडिट होतं. ऑडिटरने विचारलं, प्रमाणित पद्धतीबाहेरच्या दुरुस्त्या कुठे कुठे आहेत त्यांची यादी आहे का. यादी नव्हती. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत देतो. नवीन खुर्ची, मला दाखवायचं होतं की विभाग माझ्या मुठीत आहे. नऊ नोंदी लिहिल्या. पहिली नोंद, कन्व्हेयरच्या मोटरच्या पायाखाली पत्र्याच्या डब्यातून कापलेली शिम, म्हणजे उंची जुळवायला घालायची पातळ पट्टी. अलाइनमेंट जुळत नव्हती, स्टोअरला शिमचा पत्रा कित्येक महिने नव्हता, लाइन तर चालवायचीच होती, म्हणून मामांनी डबा कापला. मी ट्रेनी असताना हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. "हे बघ, पाच वर्षं झाली, मोटर हललीय का?"

नऊच्या नऊ नोंदी मामांच्या तोंडच्या होत्या. पाने पुसताना ऐकलेल्या. यादीखाली माझी सही.

मामांना मेमो मिळाला. स्टोअरला पत्रा नव्हता हे मी यादीत लिहिलं नव्हतं. सुचलं नाही असं मी स्वतःला सांगत आलो, पण सुचलं होतं. लिहिलं तर स्टोअरचे साहेब दुखावतील असं वाटलं, तेही नवीन संबंध होते ना. मामांनी मेमो माझ्यासमोर वाचला, सही केली, पेन खिशाला लावलं. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवसापासून मी साहेब.

वर मी विचारलं होतं, हातचं राखून ठेवणाऱ्याकडून कसं काढून घ्यायचं. तो प्रश्न मला आता वाचवत नाही.

गंजलेला पाना

वाटलंच होतं. लिहिलंत ते बरं केलंत.

माफी मागायला जाऊ नका, निदान नुसती माफी घेऊन जाऊ नका. माणूस ओशाळतो, 'जाऊ द्या हो' म्हणतो आणि विषय संपतो. जी ओळ यादीत लिहिली नाहीत ती आता लिहा. ज्याच्या टेबलावरून मेमो निघाला त्याच्याच टेबलावर ठेवा.

आणि शिकायला तुम्ही बसू नका. त्या पोरीला बसवा. ती मामांचं अप्रेझल लिहीत नाही आणि तिने अजून त्यांचं काही घेतलेलं नाही.

चष्मेवाला

पाना यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून. त्या फॉर्ममध्ये 'माहिती देणाऱ्याचं नाव' असा रकाना आहे का? नसेल तर हाताने आखा. झेरॉक्स कंपनीने नव्वदच्या दशकात कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या युक्त्यांचा संग्रह केला होता. त्याला 'युरेका' म्हणायचे. युक्ती आधी इतर तंत्रज्ञच तपासायचे, मगच ती संग्रहात जायची, आणि ज्याची युक्ती त्याचं नाव तिच्यासोबत राहायचं. तुमच्या नऊ नोंदींखाली नाव कुणाचं होतं हे तुम्हीच सांगितलंत.

कागदीघोडा

मेमो मिळाला म्हणजे नियमबाह्य काम झालंच होतं ना? सगळे मामांच्या बाजूने का?

गंजलेला पाना

झालं होतं. पाच वर्षं चाललंही होतं.

दुसरी पाळी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कुणी विचारलं नाही, तरी कळवतो.

प्लँटच्या मोठ्या साहेबांना पत्र दिलं. यादीतली माहिती मामांनी विश्वासाने दिलेली होती, त्या वेळी स्टोअरला पत्रा उपलब्ध नव्हता, आणि हे मला माहीत असून मी लिहिलं नव्हतं. मेमो मागे घेता येत नाही, फाइल बंद झालीय असं उत्तर आलं. पत्र मात्र त्याच फाइलला लावून घेतलं. स्टोअरचे साहेब माझ्याशी बोलत नाहीत.

पत्राची प्रत मामांना दिली. त्यांनी चष्मा काढून वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "स्टोअरला शिमचा पत्रा आला का?" मी म्हटलं, आला. "किती जाडीचा?" सांगितलं. एवढंच बोलणं.

ब्लाउच्या त्या तपासनिसांसारखं करून बघितलं. मामांना काही विचारायचं नाही. मशिनपाशी उभं राहून ट्रेनीला, पण मामांना ऐकू जाईल असं, मला काय कळत नाहीये ते सांगायचं. 'ही कड नेहमी उजवीकडेच का फाटते, मला दोन वर्षांत कळलेलं नाही.' पहिल्या आठवड्यात काही नाही. इनचार्ज ट्रेनीसमोर आपलं अज्ञान वाचून दाखवतोय म्हणून ऑपरेटर गालात हसायचे. दुसऱ्या आठवड्यात मामा मशिनखालून म्हणाले, "कड नाही फाटत, सक्शन उशिरा सुटतं." माझ्याकडे न बघता. बोलले ते तिच्याशी.

परवा साइज बदलली. मी पॅनलपाशी थांबलो, जवळ गेलो नाही. मामांनी तिला पुढे उभं केलं आणि स्वतः बाजूला झाले. मधे पाठ नव्हती, मला नॉब दिसत होता. म्हणाले, "टेकव. आता केसभर मागे."

तिने विचारलं, केसभर म्हणजे किती?

मामा म्हणाले, "साहेबांना विचार. त्यांना माहितीये."

मी गेलो, तिचा हात नॉबवर ठेवायला सांगितला, वरून माझा ठेवला आणि फिरवला. मामा आडव्या पट्टीवर बोट ठेवून ऐकत होते. म्हणाले, "थोडं जास्त झालं." आणि माझ्या हातावरून त्यांनी पुढे घेतला.

फॉर्मचे अकरा रकाने भरलेत. अक्षर तिचं आहे, शेवटचा रकाना मी हाताने आखलाय. बाकीचे एकोणतीस भरतील असं वाटत नाही.

गंजलेला पाना

साहेब म्हणतात ते म्हणू द्या, आता ते सुटायचं नाही. मला एक सांगा, नॉब डावीकडचा की उजवीकडचा? आमच्याकडे अशाच मशिनला उजवीकडचा फिरवला की चेन ओढायची.

दुसरी पाळी

उजवीकडचाच. डावीकडचा आधी लॉक करायचा, मग चेन ओढत नाही. हे मामांनी काल सांगितलं.